लाईनवरची गाडी सोडून पक्कं काम धरावं काय? बेळगाव भागातल्यांनी सांगा

येळ्ळूरचा_लाईनवाला

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहायलोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी येळ्ळूरचा, वय २९, दहावी पास, बारावीला अकाउंट्स राहिलं ते राहिलंच. आधी दोन वर्षं क्लिनर म्हणून फिरलो, मग हेवी लायसन्स काढलं, आता सहा वर्षं झाली बारा चाकी चालवतोय. मालक बेळगावातलाच, गाडीचं मात्र कायबी ठरलेलं नाही. इथनं भिवंडी म्हणून निघायचं, तिथं गाडी खाली केली की दोन दिवस पार्किंगला लोडची वाट बघत पडायचं, मग फोन येतोय अहमदाबादला जा, तिथनं इंदूर, इंदूरला बेंगळूरचं लोड लागतंय. म्हणजे आपल्याच गावच्या बगलेनं हायवेनं जायचं आणि घरी जायचं नाही. मागच्या महिन्यात असंच झालं. पहाटे सव्वापाचला बेळगावच्या सुवर्णसौधासमोरनं गाडी काढली, उजाडायलतं, लांब राजहंसगड दिसायलता, त्याच्या खालीच आमचं गाव. आईला फोन लावला तर म्हणाली चहा टाकते, ये की. आणि मागं वीस टन माल, बेंगळूरला संध्याकाळच्या आत गेट गाठायचं. काय सांगणार, नेटवर्क जायलंय म्हणून फोन ठेवला.

आता विषय असा की घरचे मागं लागलेत गाडी सोड म्हणून. बाबांना शेतात पहिल्यासारखं होत नाही, दीड एकर भात आहे, रोप लावणीला दोन वर्षं मी नव्हतो. आईला शुगर निघालीय. आणि लग्नाचं तर बोलूच नका, तीन ठिकाणी पत्रिका जुळली आणि मुलगा काय करतोय या प्रश्नाला ड्रायव्हर म्हटल्यावर समोरची माणसं पोहे संपवून उठली.

पगार १५ हजार आणि ट्रिपचा भत्ता वेगळा. चांगला महिना असला तर हातात २४-२५ पडतात, पावसाळ्यात १७ वर पण येतंय. भत्त्यातनंच जेवण, हमालांचं चहापाणी, ताडपत्री फाटली तर ते, पंक्चरचे पैसे आधी आपल्या खिशातनं आणि मग मालकाच्या मागं लागून मागायचे. मालकाकडं ४० हजार उचल आहे ती वेगळीच.

समोर तीन वाटा आहेत. एक, मावसभाऊ उद्यमबागेत फाउंड्रीत सुपरवायझर आहे, तो लावतो म्हणतोय, १४ हजार आणि ओव्हरटाइम. दोन, शिनोळीच्या एमआयडीसीत ओळख आहे. तीन, बसची ड्रायव्हरकी, म्हणजे सरकारी, खरं त्याचं कधी काय निघतंय कळत नाही. आणि खरं सांगायचं तर लॉकडाऊननंतर मी चार महिने एका फाउंड्रीत काढलेत. आठ तास भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, भोंगा वाजला की डबा, भोंगा वाजला की परत भिंत. पाचव्या महिन्यात एका दोस्ताची गाडी मिरजेला जाणार होती, त्याच्या शेजारी बसलो आणि तवंदी घाटात धुकं बघितल्यावर ठरवलं की झालं, आपल्याच्यानं ते होणार नाही.

म्हणून विचारायलोय, रस्ता न सोडता पक्कं काम असं काय असतंय काय? का हे लाईनवाल्याचं नुसतं स्वप्नच आहे. अनुभव असला तर लिहा, उपदेश घरात भरपूर मिळतोय.


निपाणी_नाका

भावा आधी लग्न करून घे मग नोकरी बघ. नोकरी लागली म्हणून सांगशील तर पुढचा प्रश्न येतोय पुण्यात फ्लॅट आहे काय. माझ्या भावाचं तेच झालं, एमआयडीसीत परमनंट झाला, तर म्हणे निपाणीत राहायला मुलगी तयार नाही. हाहा. बाकी जाणकार बोलतीलच.


चोर्ला_नाईट

तुझा प्रश्नच थोडा तिरका पडलाय बघ. तुला त्रास रस्त्याचा नाहीच आहे, जिकडं भाडं तिकडं तोंड हा जो प्रकार आहे त्याचा आहे. मी पण नऊ वर्षं तसाच फिरलोय, कोलकात्यापर्यंत जाऊन आलोय, एकदा तर दिवाळीला निघालो ते संक्रांतीला घरी आलो. आता पाच वर्षं झाली बेळगाव-गोवा भाजीची लाईन करतोय आणि रोज दुपारी घरात जेवतोय. रस्ता तोच, स्टिअरिंग तेच, फक्त परत कधी येणार ते ठरलेलं.

कसं चालतंय ते सांगतो. गोव्याला भाजी आपल्याकडनंच जाते हे तुला माहीत आहेच. संध्याकाळी मार्केटला गाडी लावायची, बटाटा-कांद्याची पोती खाली, त्याच्यावर टोमॅटोचे क्रेट, कोबी-फ्लॉवर, आणि सगळ्यात वर कोथिंबीर, मेथी, पालक. पालेभाजीवर ओलं गोणपाट टाकायचं आणि ताडपत्री मागच्या बाजूला हातभर उघडी ठेवायची, नाहीतर आत वाफ धरते आणि सकाळी म्हापश्याला व्यापारी जुडी नाकाला लावून खाली टाकतोय, मग दर निम्मा. हे मला पहिल्या महिन्यातच कळलं, ४० जुड्या फुकट गेल्या. रात्री बारा-एकला निघायचं, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी. पहाटे चार-साडेचारला खाली पोचतोय. माल उतरला की रिकामे क्रेट भरायचे (ते मोजून घे बाबा, क्रेटचे पैसे ड्रायव्हरच्या अंगावर येतात), दोन-तीन तास झोप आणि परत. बाराच्या आत बेळगाव.

पैसे? दुसऱ्याच्या गाडीवर मी होतो तेव्हा ट्रिपवर मिळायचे, महिन्याला २४-२५ ट्रिपा होतात, तुझ्या चांगल्या महिन्याएवढं दर महिन्याला येतंय म्हण. जास्त नाही. पण जेवण घरचं, भत्ता उरतोय.

आता वाईट बाजू. पावसाळा. कणकुंबीचा पाऊस तुला सांगायला नको, मलप्रभा तिथनंच निघते, आभाळ फाटल्यासारखं पडतंय. धुक्यात बॉनेट दिसत नाही, बांबू आडवे पडतात, रस्त्याची चाळण झालेली असते आणि कुठं खचलं की मोठ्या गाड्या बंद म्हणून पाटी लागते. मग अनमोडनं फिरून जा, नाहीतर आंबोलीनं, दोन-तीन तास जास्त आणि डिझेल वेगळंच, आणि तिकडं व्यापारी फोनवर फोन. माल उशिरा गेला तर बाजार उठलेला असतोय. आणि झोप दोन तुकड्यांत. पहिली तुकडी गोव्यात गाडीत, दुसरी दुपारी घरात. पहिले तीन महिने माझं डोकं जड असायचं. त्यानंतर सवय झाली म्हणतात सगळे, मी म्हणणार नाही, सवय होत नाही, चालवून घ्यायला येतंय.

अजून एक, लगेच स्वतःची गाडी घ्यायच्या नादाला लागू नकोस. शोरूमवाला सांगेल छोटी घे, परमिटची झंझट नाही. ते खरं आहे, एकूण वजन तीन टनाच्या आत असलं तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, आणि ताज्या भाजीला जीएसटी नाही म्हणून ई-वे बिलाचा, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचा, पण ताप नाही. पण तेवढ्या गाडीत घाटात किती माल बसणार आणि हप्ता कशातनं जाणार? वजन तीनच्या वर गेलं की गोव्यात जायला नॅशनल परमिट वगैरे सगळं आलं. आधी एक वर्ष दुसऱ्याच्या गाडीवर लाईन शिक, व्यापारी ओळखीचे कर, मग बघू.


उद्यमबाग_२री_शिफ्ट

भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं म्हणे. अण्णा, त्या भिंतीकडं तोंड करून आम्ही घर बांधलंय. मी सोळा वर्षं करतोय. तू चार महिने फेटलिंगला (ओतलेले पार्ट घासायला) किंवा मोल्डिंगला (साचे भरायला) असशील, नवीन माणसाला तिथंच टाकतात, धूळ आणि उकाडा, कोणाला आवडणार. मशीन शॉपला सीएनसी, व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं शिकलास तर वेगळी गोष्ट आहे, हात राहतोय डोकं पण लागतंय, आणि बेळगावात त्या माणसाला काम कमी नाही, उद्यमबाग झालं, मच्छे झालं, हत्तरगीला विमानाचे पार्ट बनवायचं एसईझेड आहे, तिकडं पण पोरं जातात. पीएफ कापतात, ईएसआय म्हणजे कामगार विमा आहे, रविवारी सुट्टी, शिवजयंतीच्या चित्ररथाला मी दर वर्षी गाडीच्या पुढं नाचायला असतोय. तू मागच्या वेळी कुठं होतास विचार स्वतःला.

चिडलो नाही हं. पण चार महिन्यांत काय कळत नाही.


येळ्ळूरचा_लाईनवाला

@उद्यमबाग_२री_शिफ्ट दादा माफ करा, तसं म्हणायचं नव्हतं. आणि बरोबर ओळखलंत, फेटलिंगलाच होतो, ग्राइंडर घेऊन. शिवजयंतीला मी वापीला होतो, टायर फुटलेलं, मित्रांनी व्हिडिओ कॉल लावून चित्ररथ दाखवला, आवाज ऐकू येईना म्हणून मीच बंद केला.

@चोर्ला_नाईट अण्णा तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. भाजीच्या लाईनला मोठ्या गाड्या पण लागतात काय, का पिकअपच? मला सहा वर्षं मोठ्या गाडीची सवय आहे.


डेपोतला_माणूस

मी वायव्य कर्नाटक परिवहनला ड्रायव्हर आहे म्हणून तिसऱ्या वाटेचं सांगतो, कारण त्याबद्दल लोक बाहेरनं फार गोड बोलतात.

पहिलं म्हणजे भरती दर वर्षी नसते. आपलं महामंडळ हुबळीचं, १९९७ ला केएसआरटीसीतनं वेगळं झालेलं, त्यांची जाहिरात निघाली की पेपरात येते तेवढंच खरं, मधल्या कुठल्या माणसाला एक रुपया देऊ नकोस. दहावी पास, हेवी लायसन्स, बॅज, उंची आणि वयाची अट, मग गाडी चालवायची टेस्ट. टेस्टला तुझ्यासारखे ट्रकवाले नापास होतात बरं का, हसू नको. आठचा आकडा रिव्हर्समध्ये काढायचा, आणि ट्रकवाल्याला वाटतं आपण तर घाटात रिव्हर्स घेतोय, हे काय, आणि काठी पाडतोय. महिनाभर कुठल्यातरी जुन्या बसवर हात बसवून जा.

दुसरं कन्नड. लिहिता वाचता आलं पाहिजे, नुसतं ‘ऊटा आयतु?’ एवढ्यावर भागत नाही. मी कडोलीचा, सगळं शिक्षण मराठी शाळेत, घरात कन्नडचा शब्द नाही. मी शिकलो ते बसच्या पाट्यांवरनं. बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग, गोकाक, रोज स्टँडवर उभं राहून पाटी वाचायची, पहिलं अक्षर ओळखीचं, मग दुसरं, असं करत सहा महिन्यांत वाचायला लागलो. लिहायला मुलीच्या पहिलीच्या पुस्तकातनं शिकलो, ती माझी वही तपासायची, लाल पेननं. यात अभिमान दुखवून घेण्यासारखं काही नाही, पोटाची भाषा आहे, घरची घरात राहते. तू बेंगळूरला सारखा जातोस म्हणजे बोलता तरी येत असणार.

तिसरं, ही पण रस्त्यावरचीच नोकरी आहे. लोकांना वाटतं पाच वाजले की घरी. मला आठवड्यातनं दोन-तीन मुक्कामी ड्युट्या असतात, म्हणजे शेवटची गाडी खेड्यात नेऊन लावायची, तिथंच बसमध्ये नाहीतर देवळात झोपायचं आणि सकाळी सहाला तीच गाडी शाळेच्या पोरांना घेऊन परत. कंडक्टर आणि मी, एक मच्छरदाणी. जून २०२३ पासून बायकांना प्रवास मोफत झाल्यावर गर्दी अशी वाढली की काही गाड्यांना दार लावायला येत नाही. त्यांचं चुकलं म्हणत नाही, माझी बहीण त्याच गाडीनं कामाला जाते. पण फूटबोर्डवर माणसं लटकलेली असताना चालवणं हे वीस टन माल मागं असण्यापेक्षा वेगळं ओझं आहे, माल ओरडत नाही.

तरी सांगतो, मला विचारशील तर अर्ज भर. पगार ठरलेल्या तारखेला येतो, कधी दोन दिवस पुढंमागं, रजा मागता येते, आणि मुलीच्या घरचे पोहे संपवून उठत नाहीत, उलट परत वाढून घेतात.


अथणी_एक्सप्रेस

आमच्याकडं पोरं सीझनला ऊस ओढतात आणि बाकीचे सात महिने लाईनवर. ऐकायला बरं वाटतंय, खरं ट्रॅक्टर घेऊन कारखान्याच्या यार्डात नंबर लागायला कधी कधी दीड दिवस, ट्रॅक्टरवरच जेवण, ट्रॅक्टरवरच झोप. दोन ट्रॉल्या मागं लावून रात्री रिफ्लेक्टर नसताना चालवणारे बघितले की माझा जीव वर-खाली होतोय. पैसा आहे सीझनला, पण याला पक्कं म्हणायचं नाही. या नादाला लागू नको.


खानापूरची_वैनी

मी ड्रायव्हर नाही, ड्रायव्हरची बायको आहे, म्हणून लिहावं की नको असं दोन दिवस चाललेलं. लिहितेच.

आमचे हे अकरा वर्षं लाईनवर होते. लग्न झालं तेव्हा मला वाटलेलं की पंधरा दिवसांनी येतात तर येतात, त्यात काय. त्रास नसण्याचा नव्हता भाऊ, कधी येणार ते माहीत नसण्याचा होता. बुधवारी येतो म्हटलं की मी मटण आणायची, आणि बुधवारी फोन यायचा की परतीचं भाडं चेन्नईचं लागलं. तीन-चार वेळा असं झाल्यावर मी मटण आणायचं बंद केलं, मग एकदा खरंच आले तर घरात पिठलं. त्या दिवशी दोघांचं जोरात भांडण झालं, पिठल्यावरनं. आणि एक सांगू, घरात त्यांचा ब्रश नव्हता. ब्रश, दाढीचं सामान, टॉवेल, सगळं गाडीत. घरी आले की पाहुण्यासारखी बॅग उघडायचे आणि जाताना बंद करायचे. माझ्या सासूबाईंनी एकदा बघितलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारातनं नवीन ब्रश आणून न बोलता मोरीत ठेवला.

आता चार वर्षं झाली ते टँकरवर आहेत. देसूरच्या डेपोवरनं पेट्रोल-डिझेल भरायचं आणि आजूबाजूच्या पंपांना द्यायचं, खानापूर, बैलहोंगल, कधी गोकाक. सकाळी नंबर लावायचा, भरून निघायला दुपार होते, रात्री आठ-नऊला घरी. कधी उशीर होतो, पण रात्री घरी म्हणजे घरी. रस्त्यावरच आहेत की, रोज शे-दीडशे किलोमीटर चालवतात आणि खूश आहेत.

त्याला नुसतं हेवी लायसन्स चालत नाही. धोकादायक मालाचं ट्रेनिंग करावं लागतं, तीन दिवसांचं, मग लायसन्सवर तशी नोंद करून देतात, आणि ती नोंद तीन वर्षांची असते, परत एक दिवसाचं रिफ्रेशर. ते करून ठेव, खर्च फार नाही, आणि ती नोंद असलेले ड्रायव्हर कमी असतात म्हणून मालक तोंड बघून पगार ठरवत नाही. त्यात सिगरेट बंद, डेपोच्या आत मोबाईल बंद, यांची तंबाखू सुद्धा निम्मी झाली, त्याचं श्रेय मात्र मलाच मिळालं पाहिजे.

आणि आईशी खोटं नेटवर्क जायलंय असं सांगू नकोस रे. आम्हाला कळतं.


हिशोबनीस

मी ट्रान्सपोर्ट ऑफिसला खाती लिहितो, गाव सांगत नाही. सगळ्यांनी कामाचं सांगितलं, कागदाचं कोणी बोललं नाही म्हणून.

आधी तुझी उचल. ४० हजार अंगावर असताना तू कुठंही गेलास तरी मालक लायसन्सची कॉपी, राहिलेला भत्ता, काहीतरी अडकवणार. बऱ्याच ठिकाणी उचल देतात ती ड्रायव्हर बांधून ठेवायलाच, हे मी त्याच टेबलावर बसून सांगतोय. दर ट्रिपला दोन-तीन हजार वळते करून घे आणि वहीत सही घे. तोंडी हिशोब ड्रायव्हरचा कधीच जुळत नाही, का कोण जाणे, नेहमी मालकाच्याच बाजूला जुळतो.

दुसरं, फाउंड्रीचे १४ आणि तुझे २४ अशी तुलना करू नकोस. १४ हजारांत माणसाच्या पगारातनं १२ टक्के पीएफ जातो तेवढाच कंपनी घालते. २१ हजारांच्या आत पगार असला तर ईएसआय लागू होतो, तुझ्याकडनं पाऊण टक्का, कंपनीकडनं सव्वातीन, आणि त्यात आई-वडील पण बसतात जर ते तुझ्यावर अवलंबून असतील तर. तुझ्या आईची शुगर, दर महिन्याच्या गोळ्या, तपासण्या, हे अशोकनगरच्या ईएसआय दवाखान्यात होतं. आता तुझ्या २४ मधनं रस्त्यावरचं जेवण, चहा, अंघोळीचे वीस रुपये, पंक्चर, सगळं वजा कर. मी आमच्या एका ड्रायव्हरला एक महिना वही लिहायला लावली, तर त्याच्या हातात घरी न्यायला १५ हजार ३०० राहिले. त्यानं वही फेकली माझ्या अंगावर.

तिसरं म्हणजे तू जे काही धरशील, भाजीची लाईन असो नाहीतर टँकर, मालकाला पहिल्या दिवशी विचार की पीएफ-ईएसआयला नाव लावणार काय. लाजू नकोस. ड्रायव्हरनं दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास चालवायचं, पाच तासांनी अर्धा तास विश्रांती हे या देशात १९६१ सालीच कायद्यात लिहून ठेवलेलं, रस्त्यावर ते कोणी बघितलंय हा भाग वेगळा. निदान नाव तरी कागदावर असू दे. नसेलच लावत तर ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नोंदणी करून ठेव, आधार आणि मोबाईल लागतो, दहा मिनिटांचं काम.

आणि छोट्या गाडीचं कोणी विचारत असेल तर, साडेसात टनांपर्यंतची मालगाडी एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर चालते असं सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. तुला गरज नाही, तुझं हेवी आहे, पण गावात कोण पोरगा पिकअप चालवायला बघत असेल तर सांग, एजंट लोक अजून त्याच्याकडनं बॅजच्या नावानं पैसे काढतात.


चोर्ला_नाईट

@येळ्ळूरचा_लाईनवाला मोठ्या गाड्या कमी, जास्त करून पिकअप आणि सहा चाकी. तुझी बारा चाकी चोर्ल्यात नेलीस तर वळणावर तूच बसशील आणि मागं आम्ही सगळे. पहिले दोन दिवस छोटी गाडी हातात आल्यावर खेळणं वाटतंय, ब्रेक दाबला की नाक काचेला लागतंय. मला मेसेज टाक, एका व्यापाऱ्याला माणूस पाहिजे आहे, त्याचा ड्रायव्हर सौदीला चाललाय. वैनींनी सांगितलेलं टँकरचं पण चांगलंच आहे, ट्रेनिंग करून ठेव, दोन्हीचं काय भांडण नाही.


उद्यमबाग_२री_शिफ्ट

बरं मी पण एक सांगतो, हट्ट नाही करत. भाजीच्या लाईनवर दुपारी घरी असणार असशील तर संध्याकाळी कुठंतरी सीएनसीचा क्लास लाव. वयाच्या पन्नाशीला चोर्ला घाट रात्री एकला चढवणार काय? माझ्या वडिलांचे गुडघे क्लचनं गेलेत.


चोर्ला_नाईट

मी ४७ चा आहे हो. चढवतोय की.


येळ्ळूरचा_लाईनवाला

अडीच महिने झाले, सांगायचं राहिलं म्हणून परत आलो. सगळ्यांनी एवढं मनापासनं लिहिलं आणि मी गायब झालो, राग मानू नका.

हिशोबनीस साहेबांचं ऐकून पहिला महिना वही लिहिली. २३ हजार ८०० मधनं घरी न्यायला १४ हजार ९५० उरले. बाबांना दाखवली नाही. उचल निम्मी फेडली, निम्मी चोर्ला_नाईट अण्णांच्या ओळखीच्या व्यापाऱ्यानं दिली, म्हणजे उचल एका खिशातनं दुसऱ्या खिशात गेली, पण या वेळी कागदावर आहे, सही सकट. लायसन्सची कॉपी मागितली तर जुना मालक म्हणाला हरवली, बघू. पीएफचं विचारलं तर नवीन व्यापारी हसला आणि म्हणाला भाजीवाल्याला पीएफ विचारणारा तू पहिलाच. म्हणून ई-श्रम केलंय. टँकरच्या ट्रेनिंगला नाव दिलंय, कन्नडचं पहिलीचं पुस्तक शेजारच्या पोरीकडनं आणलंय, ती दर आठवड्याला परत मागतेय.

तर आता सहा आठवडे भाजीची लाईन करायलोय. पहिल्याच आठवड्यात कोथिंबीर मी पण उबवली, अण्णांनी लिहिलेलं असून. कणकुंबीला पाऊस अजून लागलेला नाही, लागला की बघू. लावणीला मी यंदा घरी असणार एवढं आत्ताच सांगून ठेवलंय व्यापाऱ्याला, चार दिवस बदली ड्रायव्हर मी देणार.

पण एक अडचण कोणीच सांगितली नव्हती. दुपारी घरात झोपच येईना. गादी आहे, पंखा आहे, आई दार लावून घेते, शेजारच्यांना टीव्ही बारीक करायला सांगून येते, आणि मी टक्क जागा. गाडीत इंजिन चालू असलं की दोन मिनिटांत झोपणारा माणूस मी. शेवटी काल जेवण झाल्यावर गाडीतच जाऊन आडवा झालो, अंगणात, काच खाली करून. उठलो तेव्हा साडेचार वाजलेले आणि आई काचेतनं चहा आत द्यायली होती.